चिवचिवणारी पार्सले

फेब्रुवारी महिना आहे. अमेरिकेच्या आयोवा राज्यातले एखादे लहानसे गाव डोळ्यांपुढे आणा. रस्त्यावर बर्फ साचले आहे आणि पारा शून्याच्या खाली दहा अंशांवर उतरला आहे. पहाटे टपाल कचेरीचे दार उघडते. टपालाच्या पोत्यांबरोबर पुठ्ठ्याचे एक पसरट खोके आत येते आणि सारी कचेरी चिवचिवाटाने भरून जाते. खोक्यात कोंबडीची शंभर पिले आहेत. काल ती अंड्यातून बाहेर आली आणि आज टपालाने कित्येक मैलांचा प्रवास करून इथे पोचली. कारकून लगेच शेतकऱ्याला फोन करतो, "तुमची पिले आली आहेत, येऊन घेऊन जा!"

ही काल्पनिक गंमत नव्हे. अमेरिकेच्या टपाल खात्याने एक दिवसाची पिले पार्सलाने पाठवण्यास १९१८ साली परवानगी दिली आणि ती पद्धत आजही चालू आहे. आपल्याकडे पिले टपालाने जात नाहीत. पण पुणे परिसरातल्या उबवणी केंद्रांतून मोटारीने, विमानाने ती दूरदूर जातात, आणि उत्तर भारतातला जानेवारी काही कमी थंड नसतो. शोभेचे मासे, प्राणिसंग्रहालयांत देवघेव होणारे साप आणि कासवे यांचाही असाच प्रवास होतो.

विद्यार्थी मित्रहो, एवढ्या थंडीत हे जीव सुखरूप पोचतात कसे? आणि कधी कधी पोचत नाहीत ते का? या प्रश्नाचे उत्तर जीवशास्त्राइतकेच तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातील 'उष्णता' या प्रकरणात आहे.

तीन दिवसांची शिदोरी

आधी पिलाचे पाहू. अंड्यातून बाहेर पडण्याच्या थोडे आधी पिलू अंड्यातला उरलेला पिवळा बलक आपल्या पोटात ओढून घेते. ही त्याची शिदोरी. तिच्यावर ते दोन-तीन दिवस दाणापाण्यावाचून राहू शकते. निसर्गाने ही सोय पार्सलासाठी केलेली नाही. एका खुडुकीखालची सगळी अंडी एकाच वेळी फुटत नाहीत. पहिल्या पिलाला शेवटच्या भावंडासाठी थांबावे लागते, तेवढ्यासाठी ती आहे. माणसाने तिचा फायदा घेतला इतकेच. म्हणूनच, जन्मापासून ७२ तासांच्या आत पिले मुक्कामी पोचली पाहिजेत, असा अमेरिकी टपालाचा नियम आहे.

शिदोरी आहे, पण पांघरूण नाही. अंगावर नुसती मऊ लव असते, खरी पिसे अजून फुटायची असतात. मोठी कोंबडी आपले तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअसवर टिकवून धरते. पिलाला पहिले काही दिवस ते जमत नाही. त्याला पहिल्या आठवड्यात भोवताली ३२ ते ३५ अंशांची ऊब लागते. घरी ती आईच्या पंखाखाली मिळते. प्रवासात ती द्यायची कोणी?

पंचवीसच का?

अमेरिकेतील अनेक उबवणी केंद्रे पंचवीसपेक्षा कमी पिले टपालाने पाठवायला तयार नसतात. गिऱ्हाइकाला वाटते, हा माल खपवण्याचा डाव असेल. खरे कारण भूमितीत आहे.

समजा, एक पिलू म्हणजे एक लहान चेंडू आहे. उष्णता चेंडूच्या आत निर्माण होते आणि पृष्ठभागातून बाहेर जाते. आता असे पंचवीस चेंडू एकमेकांना चिकटून एकच मोठा गोळा झाला असे धरा. त्याचे घनफळ पंचवीस पट होईल, पण पृष्ठभाग तेवढा वाढणार नाही. २५ चे घनमूळ सुमारे २.९ आणि त्याचा वर्ग सुमारे ८.५. म्हणजे पृष्ठभाग फक्त साडेआठ पट वाढला. पंचवीस शेगड्या आणि बाहेरची हवा लागणारे अंग साडेआठांचे! प्रत्येकाच्या वाट्याची उष्णतेची गळती जवळजवळ एक तृतीयांशावर आली. थंडीच्या रात्री पोरे गोधडीत एकमेकांना बिलगून झोपतात आणि अंटार्क्टिकातील एम्परर पेंग्विन वादळात घोळका करून उभे राहतात, त्यामागचे गणितही हेच.

पण घोळका फार मोठा झाला तर कोपऱ्यात सापडलेली पिले इतरांच्या खाली चेंगरून गुदमरतात. म्हणून शंभर पिलांच्या खोक्यात आडव्या-उभ्या पुठ्ठ्याने चार कप्पे पाडलेले असतात, प्रत्येकी पंचवीस पिलांचे. आकडा असा दोन्ही बाजूंनी ठरलेला आहे.

खोक्याचा जमाखर्च

आता आपण वाण्याच्या वहीसारखा उष्णतेचा जमाखर्च मांडू. आकडे मोजके आणि ढोबळ घेऊ, कारण आपल्याला दिशा समजून घ्यायची आहे.

जमेची बाजू : एका पिलाचे वजन सुमारे ४० ग्रॅम. त्याच्या शरीरात सुमारे ०.२२ वॅट उष्णता निर्माण होते. शंभर पिलांची झाली २२ वॅट. घरातल्या झोपण्याच्या खोलीत पूर्वी लावत त्या लहान दिव्यासारखी ही एक जिवंत शेगडीच म्हणा.

खर्चाची बाजू : खोके ६० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच आहे असे धरू. सहाही बाजूंचे क्षेत्रफळ मिळून सुमारे ०.८५ चौरस मीटर होते. साधा पुठ्ठा असेल, तर आतल्या-बाहेरच्या तापमानात दर एक अंश फरकाला या भिंतींतून सुमारे ३ वॅट उष्णता निसटते.

जमा आणि खर्च सारखे होईपर्यंत आतले तापमान वाढत जाते. २२ ला ३ ने भागा. उत्तर येते सुमारे ७. म्हणजे पुठ्ठ्याच्या खोक्यातील पिले आपल्या उबेने आतली हवा बाहेरच्यापेक्षा सुमारे सात अंशांनी गरम ठेवू शकतात.

गंमत पाहा. पिलांची वाहतूक करणाऱ्या खास मोटारींत हवा साधारण २४-२५ अंशांवर ठेवतात आणि खोक्याच्या आत सुमारे ३२ अंश मिळावेत अशी अपेक्षा असते. आपल्या वहीतले सात अंश नेमके हेच सांगत होते. हेच खोके शून्य अंशाच्या फलाटावर रात्रभर पडून राहिले तर? आत सात-आठ अंशच मिळणार आणि पिले वाचणार नाहीत. तेव्हा खोके एकटे प्रवास करत नाही. गरम मोटार, गरम गुदाम आणि त्यांच्या मधल्या उघड्या जागी शक्य तितका थोडा वेळ, ही सारी साखळी म्हणजेच पिलाचे खरे पांघरूण होय.

छिद्रे बुजवायची का?

खोक्याच्या बाजूंना वाटाण्याएवढी, बोराएवढी छिद्रे असतात. कडाक्याच्या थंडीत ती पाहून कोणाही भल्या माणसाला वाटते, "अरेरे, इथून गार हवा आत जात असेल!" आणि तो त्यांवर कागद चिकटवतो किंवा खोक्याभोवती घोंगडी घट्ट गुंडाळतो. प्रेमापोटी केलेले हे काम पिलांच्या जिवावर उठते. का, ते वहीच सांगेल.

शरीरात अन्न जळते तेव्हा दर लिटर प्राणवायूमागे सुमारे २० हजार ज्यूल उष्णता निर्माण होते. या हिशेबाने २२ वॅटसाठी शंभर पिले तासाला सुमारे चार लिटर प्राणवायू वापरतात. खोक्यातली सारी हवा सुमारे ३६ लिटर, त्यात प्राणवायू साडेसात लिटर. छिद्रे पक्की बुजवली तर एका तासात निम्म्याहून अधिक प्राणवायू संपेल आणि त्याच्या जागी उच्छ्वासातला कार्बन डाय-ऑक्साइड साठत जाईल. ऊब राहील, पण श्वास राहणार नाही.

बरे, छिद्रे उघडी ठेवण्याची किंमत किती पडते? हवा ताजी राहावी म्हणून तासाला ६०० लिटर हवा आत-बाहेर व्हावी असे धरू. ६०० लिटर हवेचे वजन सुमारे ७२० ग्रॅम. एक ग्रॅम हवा एक अंशाने तापवायला सुमारे एक ज्यूल उष्णता लागते. म्हणजे तासाला ७२० ज्यूल, दर सेकंदाला ०.२ ज्यूल. दर अंश फरकाला छिद्रांतून जाणारी उष्णता फक्त ०.२ वॅट! भिंतींतून जात होती ३ वॅट, म्हणजे पंधरा पट.

छिद्रे मोकळी असताना फरक मिळेल २२ भागिले ३.२, म्हणजे ६.९ अंश. बुजवली तर २२ भागिले ३, म्हणजे ७.३ अंश. अर्ध्या अंशाहूनही कमी फायद्यासाठी आपण श्वास विकला!

या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही : थंडीत भिंती जाड करा, छिद्रे बुजवू नका. हवा उष्णता फार थोडी वाहून नेते, कारण ती हलकी आहे. मात्र एक अट आहे. हवा छिद्रांतून हळूहळू पाझरली पाहिजे, झोताने घुसता कामा नये. सोसाट्याचा वारा थेट छिद्रांवर आला तर ६०० लिटरांचे काही हजार लिटर होतील आणि हिशेब फिरेल. म्हणून खोके वाऱ्याच्या आडोशाला ठेवायचे. प्राण्यांच्या वाहतुकीचे भारत सरकारचे नियम १९७८ साली झाले, त्यांत २००१ साली कोंबड्यांसंबंधी भर पडली. ऊन, पाऊस आणि वाऱ्याचा थेट झोत यांपासून पक्ष्यांना जपावे असे त्यांत सांगितले आहे. पिले जन्मताच लगेच रवाना करावीत, खोक्यात साठवून ठेवू नयेत, असेही सांगितले आहे. त्यातली कारणे आता तुम्हीच सांगू शकाल.

खोक्यांची चळत लावताना दोन खोक्यांमध्ये फट राहावी म्हणून झाकणावर उंचवटे ठेवलेले असतात, तेही श्वासासाठीच. आणि तळाशी लाकडाच्या बारीक सालपटांचा कोरडा थर असतो तो कशासाठी? एक ग्रॅम पाणी वाळताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता ओढून घेते. शंभर पिलांची पावणेदोन मिनिटांची सारी कमाई एका ग्रॅम पाण्यात जाते! ओले पिलू गारठते ते यामुळे. तळ कोरडा ठेवणे हे अर्धे पांघरूण घालण्यासारखेच आहे.

दुधारी थर्मोकोल

मग भिंती जाड करू. पुठ्ठ्याच्या आत अडीच सेंटिमीटर जाडीचा थर्मोकोल लावला तर दर अंश फरकाला ३ ऐवजी सुमारे १ वॅट उष्णता निसटते. थर्मोकोलमध्ये जवळजवळ सगळी हवाच असते, पण ती इवल्या इवल्या कप्प्यांत कोंडलेली असते. तिला हलता येत नाही, म्हणून अभिसरणाने उष्णता नेता येत नाही. लोकरीच्या स्वेटरचे गुपितही हेच.

छिद्रे मोकळी ठेवून आता फरक किती मिळेल? २२ भागिले १.२, म्हणजे सुमारे १८ अंश. बाहेर १२ अंश असतील तर आत ३० अंश. वा! मग सर्वच खोकी अशी का नसतात?

कारण हेच खोके पुढच्या मुक्कामी ३० अंशांच्या गरम खोलीत ठेवले तर आतले तापमान ४८ अंशांकडे चढू लागेल आणि पिले उकाड्याने मरतील. थंडीच्या दिवसांत उकाड्याने मृत्यू! जाड भिंत थंडी-उन्हाळा ओळखत नाही, ती फक्त आतली उष्णता आत ठेवते. म्हणून जे प्राणी स्वतःच शेगडी आहेत त्यांच्यासाठी साधे, हवेशीर खोके आणि ताब्यात ठेवलेले बाहेरचे तापमान, हाच मार्ग व्यवहारात रूढ झाला.

माझे नऊ गप्पी

ज्यांच्याजवळ स्वतःची शेगडी नाही त्यांचे काय? याचा धडा मी एका प्रवासात शिकलो. महाविद्यालयात नुकताच शिकवू लागलो होतो. डिसेंबरात मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटातून बारा गप्पी मासे घेतले. दुकानदाराने प्लॅस्टिकच्या पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग प्राणवायू भरून तोंड रबराने पक्के बांधून दिले. "साहेब, कापडात गुंडाळून पिशवीत ठेवा," असे त्याने बजावलेही होते. मी मात्र ती पिशवी एस.टी.च्या खिडकीजवळच्या खुंटीला अडकवली, मासे दिसत राहावेत म्हणून! कसारा घाट चढेपर्यंत रात्र झाली. खिडकीची काच नीट लागत नव्हती. नाशकात उतरलो तेव्हा बारांपैकी नऊ मासे उताणे झाले होते. प्राणवायू भरपूर होता, पाणी स्वच्छ होते. गेली होती ती फक्त ऊब. बाकीचे तीन मी घरी पोचताच टाकीत ओतले असते तर तेही गेले असते. शेजारच्या काकूंनी अडवले. पिशवी तशीच टाकीच्या पाण्यावर अर्धा तास तरंगत ठेवायला लावली आणि ते तीन वाचले.

उष्णतेचा पाठ वर्गात मी तोवर दोनदा शिकवला होता.

गप्पी, एंजल असे उष्ण प्रदेशातले मासे २४ ते २८ अंशांच्या पाण्यात सुखी असतात. ते शीतरक्ताचे, म्हणजे पाण्याचे तापमान तेच त्यांचे. त्यांच्याजवळ शेगडी नसली तरी एक ठेव असते, पाण्याची. एक किलोग्रॅम पाणी एक अंशाने थंड व्हायला ४२०० ज्यूल उष्णता बाहेर जावी लागते. रोजच्या व्यवहारातल्या पदार्थांत एवढी मोठी विशिष्ट उष्णता क्वचितच सापडते.

समजा, थर्मोकोलच्या खोक्यात मिळून दहा लिटर पाण्याच्या पिशव्या आहेत, पाणी २६ अंशांवर आणि बाहेर ६ अंश. भिंत अडीच सेंटिमीटर जाड असून तिच्यातून दर अंशाला १ वॅट जाते. पहिल्या तासात पाणी सुमारे पावणेदोन अंशांनी उतरेल. पुढे फरक कमी होईल तसा उतरण्याचा वेगही मंदावेल. हाच न्यूटनचा शीतलीकरणाचा नियम. बारा तासांनी पाणी १३ अंशांवर आलेले असेल. भिंत दुप्पट जाड केली तर १७ अंशांवर. म्हणजे भिंत उष्णता निर्माण करत नाही, ती फक्त वेळ विकत घेते. लांबच्या प्रवासाला एवढा वेळ पुरत नाही.

श्वास घेणारी शेगडी

येथे मदतीला येते एक छोटी पुडी. जपानात १९७० च्या दशकाच्या अखेरीस हात शेकण्यासाठी अशा पुड्या लोकप्रिय झाल्या. आत लोखंडाची बारीक भुकटी, थोडे मीठ, थोडे पाणी, कोळशाची भुकटी असते. वरचे वेष्टन फाडले की हवेतला प्राणवायू आत शिरतो आणि लोखंड गंजू लागते. होय, खिडकीचा गज गंजतो तोच हा गंज! गजाला वर्षे लागतात, म्हणून त्याची उष्णता आपल्याला जाणवत नाही. भुकटीचा पृष्ठभाग प्रचंड मोठा, मिठामुळे क्रिया वेगाने होते, त्यामुळे तीच उष्णता दिवस-दोन दिवसांत बाहेर पडते. एक ग्रॅम लोखंड गंजताना सुमारे ७ हजार ज्यूल देते. पुडीत ५० ग्रॅम लोखंड असेल आणि ते ४० तास पुरले तर सरासरी अडीच वॅट मिळतात. वरच्या जाड भिंतीच्या खोक्यात अशा दोन पुड्या ठेवल्या तर बारा तासांनी पाणी १७ ऐवजी सुमारे २१ अंशांवर राहील.

पण नीट विचार करा. ही शेगडीही श्वास घेते! ५० ग्रॅम लोखंड पूर्ण गंजायला सुमारे १६ लिटर प्राणवायू लागतो, म्हणजे जवळजवळ ८० लिटर हवेतला सगळा. माशांच्या पिशवीला तोंड बांधलेले असते, त्यांचा प्राणवायू त्यांच्याजवळ सुरक्षित असतो. साप, सरडा, कासव यांचे तसे नाही. पुडी आणि प्राणी एकाच खोक्यातली हवा वाटून घेतात. छिद्रे बुजवली तर आधी प्राणवायू कमी पडेल, मग पुडीही विझेल. ऊब आणि श्वास दोन्ही एकदमच जातील. पुन्हा तोच नियम : छिद्रे मोकळी हवीत.

सापाची गरज वेगळी असते. उष्ण रक्ताचे प्राणी उबेसाठी अन्न जाळतात, साप तसे करत नाही. किलोभर वजनाचा अजगर स्वस्थ पडला असताना ढोबळमानाने चाळीस ग्रॅमच्या एका पिलाइतकीच उष्णता निर्माण करतो. म्हणून नुसत्या जाड भिंतीने त्याचे भागत नाही, बाहेरून ऊब द्यावीच लागते. आपल्याकडे भारतीय अजगर पाळायला कायद्याने बंदी आहे. पण परदेशांत असे प्राणी पार्सलाने जातात तेव्हा त्यांना कापडी पिशवीत घालून, चुरगळलेल्या कागदात ठेवतात आणि पुडी कागदात गुंडाळून झाकणाला आतून चिकटवतात. पुडीचा पृष्ठभाग ५० अंशांच्याही वर जाऊ शकतो. ती अंगाला लागली तर प्राणी भाजतो, म्हणून हे अंतर राखायचे.

प्राणवायू न लागणारी शेगडीही आहे. मेणासारखे काही पदार्थ २२ अंशांच्या आसपास वितळतात. वितळवून पिशवीत भरलेला असा पदार्थ खोक्यात ठेवला की तो गोठताना आपली अप्रकट उष्णता हळूहळू सोडत राहतो, एका किलोग्रॅममागे सुमारे दोन लाख ज्यूल. तो सगळा गोठेपर्यंत त्याचे तापमान २२ अंशांच्या खाली उतरत नाही, आणि खोके चुकून गरम जागी गेले तर तो वितळून जादा उष्णता शोषूनही घेतो. भाजण्याची भीती नाही, श्वासाची वाटणी नाही. मात्र वजन वाढते आणि त्याबरोबर पार्सलाचे भाडेही.

पदार्थविज्ञान देते ते फक्त तास

हे सारे जमले तरी एक गोष्ट उरते. खोके कितीही उत्तम असो, ते आपल्याला ठरावीक तास देते, अधिक नाही. २०२५ साली अमेरिकेच्या डेलावेअर राज्यात टपालाच्या एका केंद्रात सुमारे बारा हजार पिले असलेली गाडी तीन दिवस तशीच उभी राहिली. हजारो पिले मेली. तेव्हा थंडी नव्हती, खोक्यांना छिद्रेही होती. शिदोरी संपली होती आणि कोणी गाडीचे दार उघडून पाहिले नव्हते.

म्हणून जाणती माणसे पार्सल पाठवण्यापूर्वी दोन्ही गावांचे हवामान पाहतात. पार्सल आठवड्याच्या सुरुवातीला धाडतात, म्हणजे ते रविवारी गुदामात अडकत नाही. घेणाऱ्याला आधी कळवतात. थंडीची लाट असेल तर चार दिवस थांबतात. यासाठी कोणतेही सूत्र लागत नाही, फक्त आत जीव आहे ही आठवण लागते.

करून पाहा

जिवंत प्राणी न घेता हा प्रयोग वर्गात करता येईल. सारख्या आकाराची पुठ्ठ्याची तीन खोकी घ्या. पहिले तसेच ठेवा. दुसऱ्याला आतून सर्व बाजूंनी थर्मोकोल लावा. तिसऱ्यालाही तसाच थर्मोकोल लावा, पण समोरासमोरच्या बाजूंना पेन्सिल जाईल एवढी दोन-दोन छिद्रे पाडा. तीन सारख्या बाटल्यांत ५० अंशांचे सारखेच पाणी भरा, प्रत्येकीत तापमापक ठेवून त्या खोक्यांत ठेवा आणि झाकणे लावा. दर दहा मिनिटांनी तापमान नोंदवा आणि तिन्ही आलेख एकाच कागदावर काढा.

पहिल्या आणि दुसऱ्या खोक्यांच्या आलेखांत मोठे अंतर दिसेल. दुसऱ्या आणि तिसऱ्या खोक्यांच्या आलेखांत फारच थोडे दिसेल. हे थोडेसे अंतर म्हणजे श्वासाची किंमत! मग प्रयोग पुन्हा करा, या वेळी तिसऱ्या खोक्याच्या छिद्रांवर टेबलपंख्याचा झोत सोडा आणि आलेख कसा बदलतो ते पाहा.

आणि कधी रेल्वेच्या फलाटावर किंवा एस.टी.च्या पार्सल कचेरीत छिद्रे पाडलेले, आतून चिवचिव ऐकू येणारे खोके दिसले, तर त्याच्या छिद्रांवर दुसरे सामान रेललेले नाही ना, ते वाऱ्याच्या झोतात नाही ना, एवढे जरूर पाहा. रेललेले असेल तर हमालदादांना सांगून ते सामान थोडे बाजूला सरकवा.